लेखी कारण : वऱ्हाडातील बंदुकीच्या परवान्याची कहाणी

अकोट सोडून उत्तरेकडे निघाले की थोड्याच वेळात सातपुड्याची निळसर भिंत समोर उभी राहते. त्या भिंतीवर नरनाळ्याचा किल्ला आहे. मागच्या हिवाळ्यात आमच्या धर्मग्रामातील काही तरुणांना घेऊन आम्ही तो पाहावयास गेलो होतो. महाकाली दरवाजाची नक्षी पाहून झाली, शक्कर तलावाचे पाणी पाहून झाले आणि शेवटी सारे जण नऊगजी तोफेपाशी येऊन विसावलो. एवढी अजस्र तोफ, पण आज तिच्यावर शेळ्या राखणारी पोरे बसतात. आमच्यातील एका तरुणाने तिच्यावर हात ठेवून विचारले, "फादर, ही एवढी मोठी तोफ इथे उघड्यावर पडली आहे, तिला कोणी परवाना विचारत नाही. आमच्या आजोबांची बंदूक मात्र तीन वर्षांपासून ठाण्यात जमा आहे. हे कसे?"

सारे हसले. आम्हीही हसलो. परंतु परतीच्या वाटेवर तो प्रश्न मनातून जाईना. त्या घरची हकीकत आम्हांस ठाऊक होती. सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांची आठ एकर शेती. आजोबांकडे शेतीसंरक्षणाचा परवाना असलेली ठासणीची बंदूक होती. जागलीच्या रात्री तिचा एक बार हवेत काढला की रानडुकरांचा कळप नाल्यापलीकडे पळत असे. आजोबा वारले, बंदूक नियमाप्रमाणे पोलीस ठाण्यात जमा झाली आणि मुलाने आपल्या नावे परवान्याचा अर्ज केला. त्याला नकार मिळाला नाही, होकारही मिळाला नाही. मिळाले ते "पुढच्या महिन्यात या" एवढेच. एकदा तो आम्हांस म्हणाला, "फादर, डुकरं काई मले इचारून वावरात येत नाईत. अन् मी मात्र साऱ्यायले इचारत फिरतो."

आम्ही स्वतः आयुष्यात कधी बंदुकीचा चाप ओढलेला नाही आणि ओढण्याची इच्छाही नाही. तरी सेमिनरीत इतिहासाची जी थोडी गोडी लागली, तिच्यामुळे या साध्या परवान्याच्या मागे किती मोठा इतिहास उभा आहे हे पाहण्याचा मोह झाला. तो इतिहास अमरावती आणि अकोल्याच्या मातीतूनही गेलेला आहे. त्यात शिकारी आहेत, नेमबाज आहेत, क्रांतिकारक आहेत, आणि ज्यांचे नाव कोठेच नोंदलेले नाही असे रात्र-रात्र जागणारे शेतकरीही आहेत.

तोफांकडून परवान्याकडे

वऱ्हाडात शस्त्रांच्या बळावर सत्ता ठरण्याचा शेवटचा मोठा प्रसंग १८०३ सालचा. त्या वर्षी २९ नोव्हेंबर रोजी अकोला जिल्ह्यातील अडगावच्या मैदानावर आर्थर वेलस्लीच्या फौजेने नागपूरकर भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला. पुढे १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि दोनच दिवसांत देवगावचा तह झाला. त्या तहाने वऱ्हाड निजामाच्या पदरात गेला. १८५३ साली निजामाने आपल्याकडील फौजेच्या खर्चापोटी हा सुपीक मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. १९०२ च्या करारान्वये तो कायम भाडेपट्ट्याने त्यांच्याकडे गेला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांतास जोडण्यात आला. कापसासाठी प्रसिद्ध असलेला हा प्रदेश नावाने निजामाचा आणि व्यवहारात इंग्रजांचा, अशा विचित्र अवस्थेत दीर्घकाळ राहिला.

१८५७ च्या उठावाने इंग्रजांच्या मनात एक भीती कायमची घर करून बसली. प्रजेच्या हातातील शस्त्र ही प्रजेची मालमत्ता न मानता सरकारवरील संकट मानले जाऊ लागले. उठावाच्या वर्षीच शस्त्रांविषयी तात्पुरता कायदा झाला, १८६० मध्ये दुसरा झाला, आणि १८७८ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत शस्त्रांचा अकरावा अधिनियम आला. दख्खन महादुष्काळाने होरपळून निघालेली ती वर्षे. त्याच १८७८ साली देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही लिटन यांनीच आणला. एकाच वर्षी प्रजेच्या लेखणीवर आणि बंदुकीवर पहारा बसला.

या शस्त्र कायद्यातील खरी बोच परवान्यात नव्हती. हत्याराला परवाना असावा हे कोणत्याही समंजस माणसास पटण्यासारखे आहे. बोच होती ती सवलतीत. कायद्याने सरकारला कोणत्याही व्यक्तीस किंवा वर्गास परवान्यातून मोकळीक देण्याचा अधिकार दिला, आणि ती मोकळीक युरोपीय व अँग्लो-इंडियन मंडळींना त्यांच्या वंशामुळे मिळाली. एकाच गावात राहणारा गोरा मळेवाला परवान्याविना रायफल बाळगी, आणि त्याच्या शेजारचा पाटील, ज्याच्या पणज्याने अडगावच्या मैदानात कदाचित रक्त सांडले असेल, तो ठासणीच्या बंदुकीसाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवी.

लिटन यांच्यामागून आलेले लॉर्ड रिपन १८७४ साली कॅथलिक झाले होते. त्यामुळे आपल्या वाचकांस त्यांच्याविषयी सहज आपुलकी वाटेल. त्यांनी १८८२ मध्ये वृत्तपत्रांवरील कायदा रद्द केला आणि देशाचे आशीर्वाद घेतले. शस्त्र कायद्याला मात्र त्यांनीही हात लावला नाही. लेखणीवर विश्वास टाकण्यास तयार असलेला उदार राज्यकर्तादेखील बंदुकीपाशी येऊन थबकला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

जन्मावरून न्याय

ज्या काळात गोऱ्या माणसाला जन्मामुळे सवलत होती, त्याच काळात आपल्याच भूमीतील एका समाजाला जन्मामुळे शिक्षा होती. फासेपारधी हे वऱ्हाडातील जातिवंत शिकारी. त्यांची विद्या बंदुकीची नसून फाशांची. तित्तर, लावा, हरीण यांच्या चाली ओळखून जनावराच्या केसांचे नि तातीचे फासे मांडण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या वरवंट्याखाली पारध्यांसारखे समाज आले. त्यांच्या मुलाने गुन्हा केला आहे की नाही हे पाहण्यापूर्वीच त्याची नोंद संशयितांत होऊ लागली. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, परंतु कपाळावर उमटलेला शिक्का पुसायला एक पिढी पुरत नाही हे अमरावती-अकोल्याच्या पारधी तांड्यांकडे पाहिले की कळते.

गोऱ्याला सूट आणि पारध्याला शिक्षा या दोहोंचे मूळ एकच. माणूस काय करतो हे न विचारता तो कोणाच्या पोटी जन्मला हे विचारणे. शस्त्र कायद्याविरुद्ध आपल्या देशात जो आवाज उठला, तो मुळात या विचारण्याविरुद्ध होता.

अमरावतीचा मंडप

१८८७ मध्ये मद्रासला बद्रुद्दीन तय्यबजी यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सभेचे तिसरे अधिवेशन भरले. त्यात शस्त्र कायद्याविषयी ठराव झाला. त्या ठरावाचा आशय आज वाचताना आश्चर्य वाटते. प्रजेच्या निष्ठेवर या कायद्याने विनाकारण डाग लावला आहे, अशी तक्रार त्यात आहे. मागणी अशी की, सर्वांना शस्त्र बाळगू द्यावे. एखाद्या व्यक्तीला वा वर्गाला मनाई करावयाचीच असेल तर सरकारने जरूर करावी, परंतु त्याचे कारण लेखी नोंदवावे आणि ते प्रसिद्ध करावे.

वाचकहो, या 'लेखी कारणा'पाशी आपण क्षणभर थांबू या. ठराव करणारे बहुतेक वकील, संपादक, व्यापारी होते. त्यांतील किती जणांना बंदूक हवी होती कोण जाणे. त्यांना हवा होता जबाब. सरकारने आमच्यावर अविश्वास दाखवावा, पण तो का दाखवला हे कागदावर सांगावे, म्हणजे आम्हांस त्याचे उत्तर देता येईल, एवढीच त्यांची मागणी होती.

दहा वर्षांनी, १८९७ च्या डिसेंबरात, राष्ट्रीय सभेचा मंडप अमरावतीला उभा राहिला. अध्यक्ष होते सी. शंकरन नायर आणि स्वागताध्यक्ष होते अमरावतीचे विख्यात वकील दादासाहेब खापर्डे. ते वर्ष काळवंडलेले होते. २२ जून रोजी पुण्यात प्लेग अधिकारी रँड यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या होत्या. सप्टेंबरात लोकमान्य टिळकांना राजद्रोहासाठी अठरा महिन्यांची शिक्षा झाली होती. नातू बंधूंना चौकशीविना स्थानबद्ध करण्यात आले होते. शस्त्र कायदा असतानाही पुण्यात पिस्तूल चालले होते, त्याआधी १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांनी बंड केले होते. ज्याला कायदा मोडायचाच आहे त्याला परवाना अडवीत नाही. अडतो तो कायदा पाळणारा. ही गोष्ट तेव्हा जितकी खरी होती तितकीच आजही आहे.

शस्त्र हातात नसलेल्या पिढीने अमरावतीत शरीर कमावण्याचा मार्ग धरला. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. लाठी आणि मल्लखांब यांचा तेथील आखाडा सबंध देशात नावाजला गेला. १९१८ मध्ये गांधीजी खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी हिंडले तेव्हा, अहिंसेच्या या उपासकानेही आपल्या पत्रकात संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करणाऱ्या कायद्याची गणना इंग्रजी राजवटीच्या सर्वांत काळ्या कृत्यांत केली होती. अखेर १९२० च्या नियमांनी वंशावरून मिळणारी सूट काढून टाकली. गोऱ्यालाही परवाना लागू झाला. कायदा राहिला, पण त्यातील सर्वांत मोठा अपमान गेला.

घटनासमितीतील एक प्रश्न

१९३१ मध्ये कराची येथे मूलभूत हक्कांचा जो ठराव सिद्ध झाला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क मान्य केला होता. स्वराज्य आले की तो मिळणार असे अनेकांना वाटत होते. डिसेंबर १९४८ मध्ये घटनासमितीत आपल्याच मध्य प्रांत व वऱ्हाडातून निवडून आलेले सभासद हरि विष्णु कामत यांनी कराचीची आठवण देऊन, हा हक्क घटनेत घालावा अशी दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. प्रत्येक माणसाला बाजारात जाऊन वाटेल ते हत्यार बेरोकटोक विकत घेता येऊ लागले तर राज्याचा कारभार कसा चालेल, याची आपल्याला कल्पनाच करवत नाही, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता.

आम्हांस बाबासाहेबांचा निर्णय योग्य वाटतो. ज्या समाजात गावकुसाबाहेरच्या माणसाला विहिरीचे पाणीही मोकळे नव्हते, तेथे शस्त्राचा मोकळा बाजार कोणाच्या हातात गेला असता हे त्यांच्याइतके कोणाला कळणार? घटनेत शस्त्राचा उल्लेख आला तो 'शांततेने व विनाशस्त्र' एकत्र जमण्याच्या हक्कात. अमेरिकेने १७९१ मध्ये शस्त्र बाळगण्याचा हक्क आपल्या घटनेत लिहिला आणि २००८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो व्यक्तीचा हक्क ठरविला. आपला मार्ग वेगळा आहे. आपल्याकडे बंदूक हा हक्क नव्हे, ती विश्वासाने दिलेली परवानगी आहे.

पण विश्वास देणाऱ्यालाही काही बंधने असावीत, आणि तेथे १८८७ ची जुनी मागणी फळास आली. १९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. परवाना नाकारला तर अधिकाऱ्याने त्याचे कारण लेखी नोंदवावे, आणि अर्जदाराने मागितल्यास, सार्वजनिक हिताला बाध येत नसेल तर, त्याचा थोडक्यात गोषवारा त्याला द्यावा, असे या कायद्याचे चौदावे कलम सांगते. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून कोणाला परवाना नाकारता येणार नाही, असेही तेच कलम सांगते. नकाराविरुद्ध अपील करण्याची सोय अठराव्या कलमात आहे. तेराव्या कलमात तर शेतकरी, शिकारी आणि नेमबाज हे तिघेही भेटतात. संरक्षणासाठी वा खेळासाठी वीस इंचांहून कमी नसलेल्या नळीची साधी बंदूक, खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक, आणि मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला सरावासाठी पॉइंट बावीसची रायफल, यांचा तेथे स्पष्ट उल्लेख आहे. ठासणीची बंदूक अपुरी पडेल अशी खात्री झाल्यास शेतकऱ्याला दुसरी साधी बंदूकही देता येते. ज्यांनी हे कलम लिहिले, त्यांच्या डोळ्यांसमोर माळ्यावर बसून जागल करणारा कास्तकार नक्कीच असला पाहिजे.

शिकाऱ्यांचा ताळेबंद

येथवर वाचून शिकारीचा छंद असलेले आमचे काही जुने मित्र खूश होतील. परंतु इतिहास त्यांच्याही पदरात काही टाकतो. १९४७ मध्ये कोरियाच्या संस्थानात तीन चित्ते एका रात्री मारले गेले, आणि १९५२ मध्ये हे जनावर देशातून नामशेष झाल्याचे जाहीर करावे लागले. स्वातंत्र्यानंतरही वाघांची शिकार चालूच राहिली. तिच्यावर १९७० मध्ये बंदी आली, तोवर फार उशीर झाला होता. १९७२ च्या गणनेत सबंध देशात सुमारे १,८०० वाघ उरले होते. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १९७३ मध्ये सुरू झालेल्या व्याघ्रप्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत आपल्या मेळघाटाचा समावेश झाला. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावर शिकार करण्याची उरलीसुरली वाटही बंद झाली.

शिकाऱ्याला हे दार आपल्या तोंडावर आपटले असे वाटले. आमचे मत असे की, ते दार त्याच्याच हातांनी लोटले गेले होते. जंगल जिवंत राहील एवढीच शिकार करण्याचा संयम ज्यांनी पाळला ते थोडे होते, आणि त्या थोड्यांनी इतरांना आवरले नाही. जो वर्ग स्वतःला आवरत नाही, त्याला कायदा आवरतो. तो आवरताना चांगला आणि वाईट असा भेद करीत नाही.

दोन कागद

आज अमरावती-अकोल्यातील शेतकऱ्याची अडचण अशी आहे की त्याच्यापुढे दोन वेगवेगळे कागद आहेत आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत. बंदुकीचा कागद अमरावती शहरात पोलीस आयुक्तांकडे आणि अन्यत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे. जनावराचा कागद वनखात्याकडे. शेतीसंरक्षणाचा परवाना हातात आहे म्हणून रानडुकरावर वा रोह्यावर गोळी झाडता येत नाही. जनावर माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला घातक झाले आहे असे ठरवून त्याला मारण्याची परवानगी वन्यजीव कायद्याच्या अकराव्या कलमाखाली अधिकृत वनाधिकाऱ्याने द्यावी लागते, आणि तीही कारण लिहूनच. स्वतःचा वा दुसऱ्याचा जीव वाचविताना सद्भावनेने जनावर मारले गेले तर तो गुन्हा नाही, पण पिकासाठी ही मोकळीक नाही. उपद्रवी प्राण्यांची वेगळी अनुसूची या कायद्यात होती. २०२२ च्या दुरुस्तीने तीही गेली.

दरम्यान रानडुकरे वाढली, रोही वाढले. पेरलेला हरभरा ती रात्रीत उकरतात, भरात आलेली तूर लोळवतात. कास्तकार गोफण घेतो, डबे वाजवतो, सुतळी बॉम्ब फोडतो, ऐपत असेल तर झटका मशीन लावतो. आणि ज्याला काहीच परवडत नाही तो कधी कधी विजेच्या तारेवर आकडा टाकून तोच प्रवाह कुंपणात सोडतो. त्या तारेला डुक्कर चिकटते, कधी वाघ चिकटतो, आणि कधी पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारचा माणूस चिकटतो. अशा एका माणसाच्या अंत्यविधीला आम्ही उभे होतो. तार सोडणारा आणि मेलेला, दोघेही एकाच बांधाचे धनी. ज्याने परवान्यासाठी कधी अर्जही केला नव्हता, त्याच्या हातून हे घडले. हवेत काढलेला एक बार आणि कुंपणात सोडलेला चोरटा प्रवाह यांत अधिक घातक कोणता, याचा विचार कोणत्याच कागदावर होत नाही.

२०१८ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या वाघिणीचे प्रकरण झाले. तेरा माणसांच्या मृत्यूचे खापर तिच्यावर होते. अखेर २ नोव्हेंबरच्या रात्री हैदराबादहून बोलाविलेल्या पथकातील नेमबाजाच्या गोळीने ती मेली. ते नियमानुसार झाले की नाही यावरून देशभर वाद पेटला आणि तो न्यायालयापर्यंत गेला. त्या वादात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. एवढेच मनात येते की, एकेकाळी पट्टीच्या शिकाऱ्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या वऱ्हाडात, कायद्याच्या चौकटीत राहून ते अप्रिय काम करू शकेल असा विश्वासाचा माणूस सरकारला बाहेरून आणावा लागला.

आस्था कशासाठी

परवानाधारकांनी, शिकाऱ्यांच्या वारसांनी आणि रायफल क्लबमधील मुलामुलींनी या राजकारणात लक्ष का घालावे, याचे उत्तर आता देता येईल. २०१९ मध्ये शस्त्र कायद्याची दुरुस्ती आली, तेव्हा एका व्यक्तीजवळ तीनऐवजी एकच शस्त्र असावे असे मूळ विधेयकात होते. ग्रामीण भागातील लोकप्रतिनिधींनी आक्षेप घेतले आणि मंजूर होताना ती संख्या दोन झाली. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. लग्नात वा मिरवणुकीत बेदरकारपणे गोळीबार करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. यातील पहिली गोष्ट सांगते की बोलणाऱ्याचे ऐकले जाते. शेवटची सांगते की, मांडवात हवेत बार काढून मोठेपणा मिरविणारा पाहुणा साऱ्या परवानाधारकांच्या विश्वासाला सुरुंग लावतो.

निवडणुका जाहीर झाल्या की शस्त्रे ठाण्यात जमा करण्याची नोटीस येते. खरे तर कोणाचे शस्त्र जमा करावे हे ठरविण्यासाठी छाननी समिती असते. हे ठाऊक नसल्यामुळे नोटीस आली की आपण गुन्हेगार ठरलो असे समजून साधा माणूस खंतावतो. कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यात कोडवा समाजाला १८६१ पासून परवान्याची सूट आहे. ती २०२९ पर्यंत वाढविली गेली आणि २०२१ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने मान्यही केली. त्यांच्या परंपरेचा आम्हांस आदर आहे, पण वऱ्हाडाने तसे काही मागू नये असे आम्हांस वाटते. जन्मावरून मिळणाऱ्या सवलतीची चव आपण १८७८ मध्ये दुसऱ्या बाजूने चाखली आहे. आपल्याला पुरे आहे ते नियमाने, वेळेवर आणि कारण सांगून मिळणारे उत्तर.

नेमबाजीच्या खेळाकडे पाहावे. २०१० मध्ये म्युनिकला तेजस्विनी सावंत जगज्जेती झाली. २०२४ मध्ये पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने कांस्यपदक आणले. दोघेही कोल्हापूर जिल्ह्याचे. ज्या रायफलने ते पदक आले, तीच पॉइंट बावीसची रायफल तेराव्या कलमात लिहिलेली आहे. कायद्यातील ती एक ओळ नसती, तर खेडेगावातील मुलाला सरावाची वाट कोठून मिळाली असती?

दुसरी बाजूही आम्ही धर्मगुरू म्हणून सांगितली पाहिजे. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात पोर्ट आर्थर येथे एका बंदूकधाऱ्याने ३५ माणसे मारली, आणि त्या देशाने कायदा कडक करून सहा लाखांहून अधिक बंदुका परत विकत घेतल्या. आपल्या वऱ्हाडात कर्जाने आणि नापिकीने खचलेल्या घरांची दुःखे आम्ही जवळून पाहिली आहेत. ज्या घरात निराशा मुक्कामाला आली आहे, त्या घरात हत्यार हाताशी असू नये. अशा वेळी स्वतःहून बंदूक ठाण्यात वा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करणे यात कमीपणा नाही. घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी ते प्रेमाने सुचवावे. एरवीही बंदूक एका कपाटात आणि बारूद दुसऱ्या, अशी कुलपाची शिस्त मुलाबाळांच्या घरात हवीच. २०१६ च्या नियमांनी नव्या अर्जदाराला सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाची अट घातली आहे. ती अनेकांना जाच वाटते, आम्हांस ती विश्वासाची पहिली पायरी वाटते. सरकारकडे लेखी कारण मागणाऱ्याने आपणही लेखी उत्तर देण्यास तयार असले पाहिजे.

नरनाळ्याहून परतल्यावर काही दिवसांनी तो तरुण आपल्या वडिलांना घेऊन आमच्याकडे आला. आम्ही तिघे टेबलाशी बसलो. मृत परवानाधारकाच्या वारसाच्या अर्जाचा विचार करण्याची तरतूद २०१६ च्या नियमांत आहे. तिचा आधार घेऊन आम्ही एक साधा अर्ज तयार केला. परवाना द्या, असा आग्रह त्यात नव्हता. आमचा अर्ज निकालात काढावा, आणि नाकारावयाचा असेल तर चौदाव्या कलमान्वये त्याचे कारण लेखी कळवावे, एवढीच विनंती होती. मुलाने तो स्वच्छ अक्षरात उतरवून काढला. वडिलांनी दोनदा वाचला, सही केली, आणि विचारले, "एवढंच लिवाचं होतं काय, फादर? मंग आतापर्यंत मले कोणी सांगतलं काहून नाई?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. अर्ज पोचल्याची पावती मिळाली आहे. उत्तर अद्याप आलेले नाही. तुरीला शेंगा धरल्या आहेत, आणि बापलेक आळीपाळीने माळ्यावर जागल करीत आहेत. हाताशी आहे ती विजेरी, गोफण आणि सुतळी बॉम्बचे एक पुडके.